न उडालेला फ्यूज

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या मिस्त्रींना तर नाहीच. मालकाच्या जीपला आग लागली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की मिस्त्रींनी बसवलेला फ्यूज उडालाच नाही. ते खोटं होतं. फ्यूज उडाला होता. उडायला हवा तेव्हाच उडाला होता.

एवढंच सांगायचं असतं तर चार ओळींत काम झालं असतं. पण मिस्त्री कोण होते हे कळल्याशिवाय मी काय केलं हे कळणार नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

आदिलाबादहून मावल्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक चिंच होती. तिच्याखाली त्यांची पत्र्याची टपरी. पाटी नव्हती. गाड्यांचे दिवे, हॉर्न, डायनामो, सेल्फ, जे जे बॅटरीवर चालतं ते सगळं ते दुरुस्त करत. ट्रकवाले त्यांना ‘करंट मिस्त्री’ म्हणत आणि ते त्यांना आवडत नसे. “करंट माह्या बापाचा हाय का? आपून त्याची वाट करून देतो फक्त,” असं म्हणत. अंगात बनियन आणि पायजमा, खिशात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. बारीक काम आलं की कपाळावरचा खाली ओढायचे आणि दोन्ही चष्म्यांतून एकदम पाहायचे. तेव्हा त्यांचे डोळे एवढे मोठे दिसत की समोरचा माणूस उगाच शर्टाची बटणं चाचपायचा.

गाडीत नवी तार ओढायची असली की ते पहिल्या दिवशी तारेला हातच लावत नसत. ज्या वाटेनं तार जायची त्या वाटेनं ते सुतली बांधत. मग गाडीवाल्याला सांगत, “जा, दोन दिवस हिंडून ये. खड्ड्यातून चालव.” गाडी परत आली की आडवे होऊन खाली शिरत आणि सुतली बोटानं चाचपत जात. जिथं ती घासून केसाळ झाली असेल किंवा सायलेन्सरच्या आचेनं काळी पडली असेल तिथं खडूनं खूण. नंतर तार ओढताना खूण केलेल्या जागी ट्यूबचा तुकडा चढवायचा, नाहीतर वाटच बदलायची. ट्रकवाले वैतागत.

“मिस्त्री, दिवा लावाले दोन दिवस?”

“दिवा लावाले पाच मिंटं. तार नाय जळली पायजे म्हून दोन दिवस.”

तारेच्या टोकाला जोड बसवला की ते त्याला अक्षरशः लोंबकळत. तार चिंचेच्या फांदीवरून टाकायची, जोडाला दोन्ही हातांनी धरायचं आणि पाय वर उचलायचे. साठीचा माणूस फांदीला लटकलाय आणि खाली ट्रकवाला बिडी ओढत वाट पाहतोय, हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलं. “माहा भार घेत नाय थो जोड दुसऱ्या कोनाचा घेईन?” असं त्यांचं म्हणणं.

आणि परतीची तार. बाकी सगळे मिस्त्री बॅटरीपासून एकच तार ओढतात आणि परतीच्या वाटेला गाडीचं लोखंड वापरतात. हे दोन्ही तारा ओढत. निजामाच्या काळात मोटारी सांभाळणाऱ्या एका उस्तादाकडे ते शिकले होते, त्याचाच शब्द ते वापरत. ‘वापसी.’ “वापसी आदी वढाची,” हे त्या उस्तादानं थप्पड मारून शिकवलं होतं, असं ते गाल चोळत सांगत. जणू थप्पड कालची होती.

त्यांचे फ्यूज बाजारातले नव्हते. टॉर्चचे जुने सेल गोळा करायचे, त्यांचं जस्ताचं कवच उलगडून सरळ करायचं आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. मधोमध कंबर दिल्यासारखी बारीक. कंबर मोजायला त्यांच्याकडे पितळेचा एक साचा होता. कापलेल्या पट्ट्या वनस्पती तुपाच्या डब्यात राहत, आणि तो डबा टपरीत त्यांच्या मांडीजवळ. कुणी फ्यूज मागायला आला की त्याची उलटतपासणी सुरू.

“मिस्त्री, फ्यूज गेला. एक द्या.”

“गेला नाय. त्यानं काईतरी सांगतलं. काय सांगतलं?”

“मले काय मालूम? हॉर्न वाजवला अन् गेला.”

“मंग हॉर्नचं दुखनं हाय. बस खाली.”

जादा फ्यूज ते कोणालाच देत नसत. हा त्यांचा सगळ्यांत तापदायक नियम. रस्त्यात अडकलो तर काय करू, असं माणूस काकुळतीनं विचारायचा. “अडकशीन. अडकला त इचार करशीन थो काऊन उडाला म्हून. जादा देला त लावशीन अन् जाशीन.” लोक शिव्या घालत निघून जायचे. आणि परत यायचे, कारण मिस्त्रींनी हात लावलेली गाडी कधी जळली नव्हती. हीच त्यांची सगळी कमाई होती. ती ते बोलूनही दाखवत नसत, पण टपरीसमोरून जाणारी गाडी ओळखीची असली की तिच्या टेल लाइटकडे मान वळवून पाहत, आणि दिवा लागलेला दिसला की परत कामाला लागत.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेला. वडील तहसील कचेरीत कारकून; सरकारी नोकरी लागेपर्यंत घरी बसू नको म्हणून त्यांनी एका कंत्राटदाराकडे चिकटवून दिलं होतं. खेड्यापाड्यांतले जळलेले ट्रान्सफॉर्मर उचलून दुरुस्तीला आणायचे आणि दुरुस्त झालेले परत नेऊन बसवायचे, हे आमचं काम. जीपला मागे ट्रेलर. पूर्वी ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवायला सहा माणसं, दोरखंड आणि पहारी लागत. मालकानं नागपूरच्या भंगार बाजारातून लष्करी ट्रकमधली एक इलेक्ट्रिक विंच आणली. मोटर फिरते, पोलादी दोर गुंडाळला जातो आणि फळ्यांच्या उतारावरून वजन आपोआप वर येतं. विंच ट्रेलरवर बसली. तिला वीज द्यायची जीपच्या बॅटरीतून. ते काम करून घ्यायची जबाबदारी मालकानं माझ्यावर टाकली.

गावातला दुसरा एक मिस्त्री तासाभरात करून द्यायला तयार होता. पण आमचा ड्रायव्हर पोचन्ना ऐकेना. “सार, विंच का काम है. मावला वाले मिस्त्री के पास जायेंगे. इंजन में मेरा हाथ जाता है, आपका नहीं.”

मिस्त्रींनी पाच दिवस घेतले. पहिले दोन दिवस जीप आणि ट्रेलर सुतली बांधून हिंडत होते, आणि लोक आम्हाला विचारत होते की हे काय, गाडी लग्नाला निघाली का. मी वैतागलो होतो. चिंचेखाली बसून मी विंच किती करंट ओढेल याचं गणित कागदावर मांडलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी दोन्ही चष्म्यांतून कागद पाहिला. “बराबर हाय,” म्हणाले. “पन कागद गरम होत नाय ना.” मग तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “मिस्त्री, सुतलीच का? जुनी तार बांधून पाहिली तर?”

ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळले. “तार घासली त वरून दिसत नाय. सुतली लगेच सांगते.” मग म्हणाले, “इतकी वर्सं झाली बापू, लोकं सुतलीले हासतात. काऊन बांधता म्हून कोनी इचारलं नवतं.”

त्या दिवसापासून मी ‘बापू’ झालो. त्या आधी ‘ओ बाबूसाब’ होतो.

त्यांनी वेल्डिंगची जाड केबल वापरली, जाण्याची एक आणि वापसीची एक. जीपच्या मागे पितळेचा प्लग, त्याची एक पिन जाड आणि एक बारीक, म्हणजे उलटा बसायलाच नको. बॅटरीपासून वीतभर अंतरावर चिनी मातीच्या बैठकीत दोन नटांखाली जस्ताची पट्टी. पाचव्या दिवशी विंचचा दोर चिंचेच्या बुंध्याला बांधला. बटण दाबलं तशी जीप ट्रेलरसकट झाडाकडे सरकायला लागली. पोचन्नानं टाळ्या वाजवल्या. मी निघायच्या तयारीला लागलो.

“थांब,” मिस्त्री म्हणाले. “काम नाय झालं.”

त्यांनी चारही चाकांपुढे दगड लावले. पुन्हा बटण दाबलं. विंच गुरगुरली, दोर ताणला गेला, जीप हलेना. मिस्त्री बॉनेट उघडून पट्टीकडे पाहत होते. फट् असा आवाज झाला आणि सगळं शांत. पट्टी कमरेत तुटली होती. ते हसले. मी त्यांना हसताना त्या एकाच वेळी पाहिलं.

“आता झालं काम.”

नवी पट्टी त्यांनी स्वतः बसवली. मग आतून एक जड कप्पी आणून माझ्या हातात दिली. “मोठा ट्रान्सफॉर्मर असन त हे लावजो. दोर दोनदा फिरन, भार अर्धा होईन. कप्पी नसन त वढू नोको. वापस ये.”

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे नुसतं सांगितलेलं नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मला कोणी अडाणी समजू नये म्हणून हे लिहून ठेवतो.

बाजारहत्नूरच्या पुढे एका गावात आठ दिवसांपासून वीज नव्हती. विहिरीवरचे पंप बंद, ज्वारी पिवळी पडायला लागलेली. ट्रान्सफॉर्मर मोठा आहे हे मला निघताना माहीत होतं. कप्पी मात्र स्टोअरमध्ये होती. आदल्या दिवशी तिच्या ग्रीसचा डाग माझ्या नव्या पँटला पडला, म्हणून मीच ती जीपमधून काढून ठेवली होती आणि सकाळी विसरलो.

शेतात पन्नासेक माणसं जमली होती. पोचन्ना पहार घेऊन उताराशी उभा राहिला, मी बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर अर्ध्या फळीपर्यंत आला. विंच गुरगुरली आणि थांबली. पोचन्नानं लगेच मागे लाकडी पाचर ठोकली. ट्रान्सफॉर्मर तसाच अधांतरी.

“काय सायेब,” एक म्हातारा शेतकरी बांधावरून म्हणाला, “तुमचं मशीन बी आमच्या डीपीच्याच जातीचं दिसून राह्यलं.”

सगळे हसले. तेवढं एक हसू. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आठ दिवसांनी हसायला मिळालं म्हणून हसले. पण माझे कान तापले.

“टर्मिनल सैल झालंय,” मी म्हणालो. ते पहिलं खोटं. बॉनेट उघडलं. जस्ताची पट्टी कमरेत तुटली होती, चिंचेखाली तुटली होती तशीच. ती काय सांगत होती हे मला कळत होतं. कप्पी आण, नाहीतर परत जा. परत जायचं म्हणजे ट्रान्सफॉर्मर उतरवून ठेवायचा, आदिलाबाद गाठायचं, मिस्त्रींच्या समोर बसायचं आणि फ्यूज का उडाला हे सांगायचं. आणि इकडे पन्नास माणसांना सांगायचं की उद्या येतो.

टूलबॉक्समध्ये जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधली तांब्याची पट्टी पडली होती. बोटभर रुंद. ती मी फ्यूजच्या जागी दोन नटांखाली आवळली. तुटलेल्या जस्ताचे दोन तुकडे शर्टाच्या खिशात टाकले.

विंच चालली. ट्रान्सफॉर्मर दोन हात वर आला. लोक “वढ, वढ” म्हणायला लागले. रबर जळाल्याचा वास आला, तो मला ट्रान्सफॉर्मरचाच वाटला, किंवा मी तसं वाटून घेतलं. मग जीपच्या बॉनेटमधून धूर आला. मी बटण सोडलं, पण तोवर केबलवरचं रबर वितळून नागडी तार लोखंडाला लागली होती. आता विंच बंद असली तरी करंट वाहतच होता. तो तोडणारा फ्यूज मी काढून टाकला होता.

पोचन्ना धावला. पान्यानं बॅटरीचं टर्मिनल काढायला गेला. नट निघेना म्हणून उजव्या हातानं केबलच धरून ओढली. केबल तापून लाल झाली होती. त्यानं ती सोडली नाही, टर्मिनलमधून उपसूनच काढली. त्याचा आवाज मी इथं लिहू शकत नाही.

लोकांनी माती टाकून आग विझवली. पोचन्नाला कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. मी जीपजवळ थांबलो. थांबायलाच हवं, असं म्हणालो. सगळे ट्रॅक्टरमागे गेल्यावर मी नट सोडवले. तांब्याची पट्टी अजून गरम होती, बोटांना फोड आले. ती पट्टी आणि खिशातले जस्ताचे दोन तुकडे मी शेतातल्या विहिरीत टाकले.

संध्याकाळी मालक आला. जळालेलं तोंड पाहिलं जीपचं. “फ्यूज का क्या हुआ?”

“उडा नहीं, साब.”

एवढंच. मी ठरवून आलो नव्हतो. मिस्त्रींचं नावही घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून आणली तेव्हा मिस्त्री स्वतः चालत आले. दोन्ही चष्मे डोळ्यांवर ओढले आणि केबलवरून, म्हणजे जे उरलं होतं त्यावरून, हात फिरवत गेले. बैठकीपाशी थांबले.

“नट कोनं काढले?”

“मी. फ्यूज पाहायला.”

“मंग फ्यूज कुठं हाय?”

“तिथंच होता. धावपळीत पडला कुठंतरी.”

“अख्खा होता?”

“हो.”

“तू सोताच्या डोयानं पायला?”

“हो.”

त्यांनी केबलचं वितळलेलं रबर नखानं खरवडून पाहिलं. “तार पुरी शिजली,” मग म्हणाले. “फ्यूज अख्खा असून तार शिजली. म्हंजे फ्यूजच खोटा.” आणि माझ्याकडे पाहून, “तू पायला म्हंतं, त असनच.” सुतली का, असं विचारणारा मी एकटा होतो. त्या एका प्रश्नावर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आठवड्यानं पोचन्ना हाताला पट्टी बांधून चिंचेखाली गेला. मी सोबत होतो, कारण नाही म्हणता आलं नाही. तो शिव्या द्यायला गेला होता. मिस्त्री उठून उभे राहिले, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पट्टीवरूनच बोटं एकेक करून पाहिली. दोन बोटं वळत नव्हती.

“मेरे से गलती हुई,” ते म्हणाले. “कहाँ हुई वो ढूंढ रहा हूँ. मिली तो तुझे बताऊंगा.”

पोचन्ना एकही शिवी न देता माघारी फिरला. परत येताना तो एवढंच म्हणाला, “सार, ये आदमी झूठ नहीं बोलता.” मी हो म्हणालो.

मग मिस्त्री त्या गावाला गेले. एकदा नाही, दोनदा. पुढे नवा ट्रान्सफॉर्मर बसवायला गेलो तेव्हा त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं. “तुमचा एक मानूस आलता. बसनं. दोन चष्मेवाला. जीप उभी होती तिथली माती चाळनीनं चाळून राह्यला दिवसभर. आमी म्हटलं सोनं हरपलं का? त म्हने, नाय, जस्ताची पट्टी. भाकर देली त खाल्ली नाय.” तो हे सांगत होता तेव्हा ती विहीर आमच्यापासून पंचवीस पावलांवर होती.

महिन्याभरानं त्यांनी मला निरोप पाठवून बोलावलं. टपरीसमोर गोणपाट अंथरलं होतं. त्यावर ट्रकची बॅटरी, केबलचा तुकडा, चिनी मातीची तशीच बैठक. आणि तो डबा.

“बस बापू. तू साक्षी राह्य.”

त्यांनी डब्यातली पहिली पट्टी काढली, दोन नटांखाली आवळली आणि केबल बॅटरीला टेकवली. फट्. तुटलेले दोन तुकडे काढून गोणपाटावर ठेवले. दुसरी पट्टी. फट्. तिसरी.

“त्या दिवशीचा फ्यूज याच डब्यातला होता,” ते म्हणाले. “याच जस्ताचा. एक खोटा निंघाला असन त दुसरा बी असन. एक त असन.”

सगळा डबा त्यांनी तसा जाळला. दुपार त्यातच गेली. प्रत्येक पट्टी कमरेतच तुटत होती. प्रत्येक वेळी ते पुढे वाकत, दोन चष्म्यांतून पाहत आणि म्हणत, “हा बी उडाला.” त्यात समाधान नव्हतं. मी आयुष्यात पुन्हा कधी कोणाला आपलंच काम बरोबर निघालं म्हणून असं खचताना पाहिलं नाही. गोणपाटावर तुकड्यांच्या जोड्या वाढत गेल्या. तशीच एक जोडी मी विहिरीत टाकली होती. तोंड उघडायला मला प्रत्येक फट् नंतर जागा होती. मी साक्षी राहिलो.

शेवटची पट्टी उडाली. डबा उलटा करून त्यांनी बुडावर थाप मारली. काही पडलं नाही.

“मंग त्याच दिवशी काऊन नाय?” त्यांनी विचारलं. मला नाही, बॅटरीला.

त्यानंतर गाड्या येणं कमी झालं. मालकानं बाजारात सांगितलं होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. कोणी आलं तरी मिस्त्री म्हणत, “दुसऱ्याकडून करून घे. माहा हात खोटा झाला.” सुतल्यांचं बंडल टपरीच्या खिळ्याला टांगलेलं राहिलं. पावसाळ्यात ते काळं पडलं. त्यांची बायको आधीच गेली होती, आणि एकुलती एक मुलगी बेल्लमपल्लीला, जावई कोळशाच्या खाणीत. ती त्यांना घेऊन जायला आली.

बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. एक ट्रंक आणि एक पिशवी. मुलगी खिडकीची जागा धरायला वर चढली. मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी डोळ्यांवर एकच चष्मा होता.

“बापू, तू तिथं होता. काई सांगाचं इसरला त नाय ना?”

त्यांनी हे शांतपणे विचारलं. दोष देत नव्हते. आज मला वाटतं की त्यांना सगळं कळलं होतं आणि ते मला परतीची वाट करून देत होते. कधी वाटतं, नाही, त्यांना खरंच काही माहीत नव्हतं, एक शेवटची चाचपणी होती ती, सुतली चाचपावी तशी. दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट ते मला ठरवता आलेलं नाही.

“नाही मिस्त्री,” मी म्हणालो. “सगळं सांगितलं.”

पुढच्याच वर्षी मला सरकारी नोकरी लागली. तीत मी चांगला अधिकारी समजला गेलो. विजेच्या अपघातांचे अहवाल माझ्या टेबलावरून जात. ‘कारण’ या रकान्यात हाताखालच्या माणसांनी जे लिहिलं असेल ते मी दोनदा विचारून घेत असे. साहेब फार बारीक आहेत, असं ऑफिसात म्हणत.

बेल्लमपल्लीला मी एकदा गेलो, कामानिमित्त, आठ-नऊ वर्षांनी. खाणकामगारांच्या क्वार्टरमध्ये विचारत विचारत मुलीचं घर शोधलं. मिस्त्री वर्षभरापूर्वी गेले होते. मुलीनं मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, चहा टाकला.

“इथं आल्यावर कायले हात नाय लावला त्याईनं,” ती म्हणाली. “घरातला फ्यूज गेला तरी शेजाऱ्याले बलवाचे. अन् दिवसभर जुन्या सेलचं जस्त कापत बसाचे. कापाचं अन् फेकाचं.” मग पदरानं कप पुसत म्हणाली, “पन शेवटी सापडली म्हने त्याईले चूक.”

“कोणती चूक?”

“थे जीपची. म्हने, त्या पट्टीची कंबर माह्या हातून रुंद कटली. साच्याखाली जस्ताचा कचरा आला असन. मले बलवून सांगतलं. म्हने पोचन्नाले कळव, म्या कबूल केलं होतं त्याले. मंग लय शांत झाले.”

माझ्या खोट्यात बसेल अशी चूक त्यांनी शेवटी स्वतःच्या हातात शोधून काढली होती. सुतली बांधून, खुणा करून, सगळ्या वाटा तपासून.

“पोचन्नाले तुमी सांगान का?” मुलीनं विचारलं. “तुमी तिकडंच राह्यता.”

“सांगतो,” मी म्हणालो. चहा चांगला झालाय असंही म्हणालो. आणि निघालो.

पोचन्नाला मी ते सांगितलं नाही. तेवढं एक खोटं माझ्या हातून पुढं गेलं नाही, पण खरंही गेलं नाही. तो मावल्याजवळच्या जिनिंग मिलच्या फाटकावर वॉचमन आहे. मी गेलो की उभा राहतो आणि डाव्या हातानं सलाम करतो. चिंच रस्ता रुंद करताना तोडली.

आता माझं वय मिस्त्रींच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ येत चाललं आहे. मी काय देणं लागतो ते सरळ लिहितो. बेल्लमपल्लीला जाऊन मिस्त्रींच्या मुलीला, आणि मावल्याच्या फाटकावर पोचन्नाला, उभं राहून सांगायचं आहे की पट्टीची कंबर रुंद कापली गेली नव्हती. पट्टी बरोबर होती. ती उडाली होती. तिच्या जागी तांबं मी लावलं. हे मी कागदावर लिहिलं आहे. त्या दोघांना अजून सांगितलेलं नाही.